विकलेलं ऊन

"…तर पुन्हा सांगतो, ऊन उतरेपर्यंत मिरचीच्या शेतात कुणी वाकायचं नाही. वाकलात तर सरळ करायला मी येणार नाही. आज तिसरा बोक, उन्हाळ्याच्या तीन कडक दिवसांतला शेवटचा. सगळ्यांनी कोंबडीचं सूप ओरपलंय ना? मग बैठकघरातच गार हवेत पडून राहा. ज्यांच्या घरी पंखा—"

"मारला! अरे प्रमुखा, त्या थाकनं माझ्या दोल्सेला विष घालून मारला!"

माईकचं बटण माझ्या अंगठ्याखाली दाबलेलंच होतं. त्यामुळे गोकसंगवाली वहिनीची किंकाळी माझ्या कानात शिरली, तशीच खांबाखांबावरच्या कर्ण्यांतून सोत्जे गावभर गेली आणि पलीकडच्या डोंगरावर आपटून परत आली. 'थाकनं… विष… मारला…' असं आम्ही दोघांनीही दुसऱ्यांदा ऐकलं. मग मी बटण सोडलं. बैल गेला आणि झोपा केला, दुसरं काय.

ती दारात उभी होती. पायात एकच चप्पल. हातात स्टीलचं भांडं, त्यात सुपातली हाडं. दुपारभर बैठकघरात सगळ्यांच्या ताटांतून वेचून तिने कुत्र्यासाठी गोळा केलेली.

"मेलाय?" मी विचारलं.

"मरतोय! तू टेम्पो काढ आधी!"

मी त्रेसष्ट वर्षांचा, म्हणजे आमच्या गावातला तरुण. टेम्पो माझा, माईक माझा, सगळ्यांच्या गुडघ्यांच्या गोळ्या आणायचं काम माझं. प्रमुख झाल्यापासून मला एक गोष्ट कळली आहे. या गावात माणसं शांतपणे आजारी पडतात आणि आरडाओरडा फक्त कुत्र्या-कोंबड्यांसाठी करतात. तरीही मी धावलो, कारण वहिनीचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. नवरा गेला त्या दिवशीसुद्धा तिने पाहुण्यांची ताटं मोजून वाढली होती.

तिला गोकसंगवाली म्हणतात, कारण ती गोकसंगहून लग्न होऊन इथे आली. आमच्याकडे बाईचं माहेर हेच तिचं नाव. एकोणिसाव्या वर्षी आली ती त्याच घरात आहे. मुलगा इंचनला, मुलगी त्याच्याही पलीकडे, दोघांचे फोन सणासुदीला. बाकीचे दिवस ती, तिच्या मिरच्या आणि दोल्से. पिवळट रंगाचा, एक कान उभा, एक पडलेला, असा गावठी कुत्रा. दोल्से म्हणजे दगडासारखा टणक. नाव तिनेच ठेवलं होतं.

अंगणात पोहोचलो तर थाक म्हातारा परसिमनच्या झाडाखाली गुडघे टेकून बसलेला. पाठीवर फवारणीचा पंप. डाव्या हाताने दांडा खालीवर करत होता, उजव्या हातातली नळी कुत्र्याच्या पोटावर, मांड्यांच्या सांध्यात धरलेली. दोल्से आडवा पडला होता. जीभ बाहेर, जांभळट लाल. श्वास असा, की धाप लागलेल्या माणसाला बघूनच आपल्याला धाप लागावी.

"बघ! बघ, अजून मारतोय!" वहिनी ओरडली. "सकाळी त्याच पंपानं मिरचीवर औषध मारलं, आता माझ्या लेकरावर मारतोय! डोळ्यादेखत!"

"पाणी आहे," थाक म्हणाला. मान वर न करता.

"पाणी म्हणे! अंगणात नळ नाही का माझ्या?"

"तुझ्या नळाचं पाणी हात भाजेल असं येतंय. हे विहिरीचं आहे. पंप धुतलाय मी तीनदा." मग माझ्याकडे बघून तो म्हणाला, "ऊन खाल्लंय यानं. डॉक्टरकडे ने. वाटेत खिडक्या उघड्या ठेव, अंग ओलं ठेव."

आमच्याकडे ऊन लागत नाही, माणूस ऊन खातो. जनावरही.

"ऊन खायला तो काय शेतात खुरपत होता?" वहिनीने हातातलं भांडं फेकलं. ते थाकच्या खांद्याला लागून खाली पडलं आणि हाडं मातीत पसरली. "गेल्या वर्षी दोन वाफे उकरले म्हणून कसा पेटला होतास! 'या कुत्र्याचा एक दिवस बंदोबस्त करीन,' कोण म्हणालं होतं? मी म्हणाले होते? साऱ्या गावानं ऐकलंय!"

ऐकलं होतं खरं. मीही ऐकलं होतं. थाक तसा घुम्या माणूस. वर्षातून चार वाक्यं बोलणार, त्यातलं हे एक नेमकं बोलून बसला होता. आता मात्र तो उठला. पंप उतरवला, दोल्सेच्या अंगाखाली दोन्ही हात घातले आणि त्याला उचलून माझ्या टेम्पोत ठेवलं. सत्तरी ओलांडलेला माणूस, चांगला पोतंभर वजनाचा कुत्रा. वहिनी आत चढताना त्याचा हात दाराच्या चौकटीवर होता. तिने दार इतक्या जोरात ओढलं, की त्याने तो वेळेवर काढला म्हणून बोटं वाचली.

मी जाता जाता बैठकघराच्या फ्रीजमधून बर्फाची पिशवी उचलली. सुपाची कोंबडी जिच्यात आली होती तीच. माझंही डोकं कधीमधी चालतं, असं मला वाटलं.

तालुक्याच्या गावाचा रस्ता घाटाचा. नेमका त्याच दिवशी पुढे एक ट्रॅक्टर, त्यावर डोंगराएवढा पेंढा. ओलांडू देईल तर शपथ. मी हॉर्नवर हात ठेवून बसलो. शेजारी वहिनी बर्फाची पिशवी कुत्र्याच्या पोटावर दाबून धरत होती आणि एकसारखी बोलत होती. थांबली असती तर रडली असती, म्हणून बोलत होती.

"डोळे बघ रे कसे झालेत. मला ओळखत नाहीये. दोल्से! ए! … बघ, ओळखत नाही. विषच आहे. किमच्या गाईचं असंच झालं होतं, फेस आला होता. याची लाळ बघ, दोरीसारखी लोंबतेय. ट्रॅक्टरवाल्याला आई-बाप नाहीत का रे? वाजव ना अजून!"

"वाजवतोय वहिनी. तुमच्या कानाचं यंत्र घरी राहिलं वाटतं."

"मला सगळं ऐकू येतं. तू नीट चालव."

वळणावर दोल्से उठायला गेला. दारूड्यासारखे पाय फाकले, मान भलतीकडे गेली आणि तो तिच्या मांडीवर कोसळला, ओकला. तिने आपल्या पांढऱ्या ब्लाउजच्या बाहीने त्याचं तोंड पुसलं. त्यानंतर ती बोलायची थांबली. ते मला जास्त वाईट वाटलं.

जनावरांच्या दवाखान्यातली डॉक्टर यॉम तशी नवीन. वर्षभरच झालं असेल इथे येऊन. बारीक चणीची, चष्मा नाकावर घसरलेला. तिने दोल्सेला टेबलावर घेतलं आणि पहिल्यांदा बर्फाची पिशवी उचलून बादलीत भिरकावली.

"ही कुणाची अक्कल?"

"माझी," मी म्हणालो.

"बर्फानं कातडीच्या शिरा आखडतात काका. आतली आग आतच कोंडते. साधं गार पाणी आणि वारा पुरे असतो." मग ती वळली. "काय झालं, आजी?"

"विष. शेजाऱ्यानं पंपानं औषध मारलं. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं."

"तो म्हणतो पाणी होतं," मी म्हणालो. "ऊन खाल्लंय म्हणतो."

"तू त्याचा वकील आहेस का?" वहिनी माझ्यावर उसळली. "चोराच्या उलट्या बोंबा!"

डॉक्टरने तापमापक लावला, काढला, दिव्याकडे धरून बघितला. "ताप एकोणचाळीसच्या जरासाच वर. कुत्र्याच्या अंगात एवढा असतोच." ती पुन्हा त्याच्याकडे वाकली. ओठ उचलून हिरड्या बघितल्या. विटेसारख्या लाल होत्या. हिरडीवर अंगठा दाबून सोडला. डोळ्यांत बॅटरी मारली, एकदा, आणि थोड्या वेळाने परत एकदा. मांडीवर हात ठेवून कितीतरी वेळ उभी राहिली.

"काय शोधताय?" मी विचारलं.

"फवारणीचं औषध पोटात गेलं तर डोळ्यांची बाहुली टाचणीच्या डोक्याएवढी होते. स्नायू उडायला लागतात. याचं तसं नाही." ती स्वतःशीच बोलल्यासारखं बोलत होती. "पण लाळ आहे, ओकारी आहे, तोल गेलाय. उन्हाचं म्हणावं तर ताप नाही. आजी, हा कुठे होता दुपारी?"

"अंगणात."

"उन्हात?"

"सावलीत. परसिमनखाली."

"पाणी होतं समोर?"

"होतं."

वहिनी हे सगळं भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बोलत होती. मी प्रत्येक वेळी तिच्याकडे बघितलं, तिने एकदाही माझ्याकडे बघितलं नाही.

डॉक्टरने कपाट उघडलं, एक छोटी बाटली काढली, सुईचं पाकीट फोडलं. "विषावर हे अमृत आहे. लाळ, पाणी, सगळं सुकवतं. पण ऊन खाल्लेल्या जनावराला दिलं तर उलटंच होईल. धापा टाकून, लाळ गाळून ते जी उष्णता बाहेर फेकतं, तोच रस्ता बंद होतो. म्हणून शेवटचं विचारते. सावलीत होता ना?"

"सांगितलं ना एकदा!"

डॉक्टरने बाटली उलटी धरून औषध सुईत ओढलं. दोल्सेची जीभ टेबलाच्या कडेवरून खाली लोंबत होती. वहिनीने ती हातात घेतली, तळहातावर ठेवली. तिथे तिचं काहीतरी आत तुटलं असणार. कारण एकदम म्हणाली, माझ्याकडे वळून, अगदी हळू आवाजात:

"प्रमुखा, मी त्याला विकलं रे."

"काय विकलंत?"

"माझं ऊन."

मला क्षणभर हसू आलं आणि लगेच गिळावं लागलं.

वर्षाच्या पहिल्या पौर्णिमेला आमच्याकडे ऊन विकतात. सूर्य उगवायच्या आत कुणालातरी हाक मारायची. तो 'ओ' म्हणाला की लगेच म्हणायचं, 'माझं ऊन घे!' झाला व्यवहार. त्या उन्हाळ्यात तुमच्या वाट्याचं ऊन तो खाणार. आम्ही पोरं असताना त्या पहाटे गावात हाकांचा नुसता कल्लोळ असायचा आणि आईने बोलावलं तरी कुणी ओ देत नसे. आता हाका मारायला माणसं उरली नाहीत, आणि आहेत ती पक्की मुरलेली. मी स्वतः त्या दिवशी ऊन वर येईपर्यंत मुका असतो.

"सगळ्यांना हाका मारून दमले," वहिनी सांगत होती. "यांगसनवालीला मारली, ती खिडकीत उभी राहून हसली नुसती. तुला मारली."

"मला आठवतंय."

"शेवटी याला मारली. 'दोल्से!' आणि हा वेडा भुंकला. लगेच. शेपूट हलवत. मी म्हटलं, 'माझं ऊन घे.' गंमत म्हणून रे. आणि हा घेऊन बसला. मी दुपारभर गार हवेत पाय पसरून घोरत होते आणि हा इथं…"

डॉक्टरचा हात थांबला होता. मला वाटलं, शहरात शिकलेली पोरगी, आता हसेल. ती हसली नाही. तिने सुई ट्रेमध्ये ठेवली.

"आजी, विष घातलं म्हणता आणि ऊन विकलं म्हणता. दोन्ही कसं होईल? तुम्हाला मनातून काय वाटतंय?"

वहिनीने पुन्हा कॅलेंडरकडे मान वळवली.

"सावलीत असलेल्या कुत्र्याला तुमचं ऊन कुठे सापडलं?"

टेबलावर दोल्सेचा श्वास घरघरला. वहिनीने त्याची जीभ सोडली आणि दोन्ही हात पदराला पुसावेत तसे घागऱ्याला पुसले.

"पॉलिहाऊसमध्ये होता," ती म्हणाली. "मिरच्या वाळवतो ना आम्ही, त्यात. बांधला होता. सकाळी थाकनं मधल्या दगडी गडग्यावरून सांगितलं, 'आज फवारणार आहे, कुत्रा आत घे.' वाऱ्यावर औषध आत येऊ नये म्हणून बाजूचे पडदे मीच खाली सोडले. म्हटलं, सूप पिऊन लगेच येते. मग डोळा लागला. पाणी ठेवायचं राहिलं. सावली नव्हती. काही नव्हतं. माझ्या हातानं भट्टीत घातला मी त्याला, आणि लोकांच्या नावानं बोंबलले!"

आणि ती रडली. मोठ्याने, तोंड उघडं टाकून, लहान मुलासारखी.

"आता माझ्या बाजूला या, रडा नंतर," डॉक्टर म्हणाली, पण आवाज मऊ होता. तिचे हात आधीच कामाला लागले होते. सुईतलं औषध बेसिनमध्ये गेलं. "ताप नव्हता, कारण तुमच्या शेजाऱ्यानं बराच वेळ पाणी मारलंय. इथे येईपर्यंत तो उतरलेला. तापमापकाला तेवढंच दिसतं, आधी काय होऊन गेलं ते दिसत नाही. काका, तो पंखा इकडे वळवा. आजी, ही पट्टी धरा, इथे पाय धरा."

सलाईन लागलं. रक्त काढलं. डॉक्टरने सांगितलं ते मला एवढं कळलं: ऊन नुसतं अंग तापवत नाही, आत शिरून आतडी, मूत्रपिंड, रक्त, सगळं शिजवतं. जनावर उठून बसलं तरी दोन-तीन दिवसांनी कोसळू शकतं. म्हणून ते दोन-तीन दिवस खरे.

"कशावरून कळेल जगणार ते?" वहिनीने विचारलं.

"लघवी झाली पाहिजे. चांगली, स्वच्छ. ती झाली की मूत्रपिंड चालतंय समजायचं."

मी संध्याकाळी एकटा परतलो. वहिनी हलायलाच तयार नव्हती. दवाखान्याबाहेरच्या बाकावर ती बसून राहिली.

गावात पोहोचल्यावर तिच्या कोंबड्यांना दाणे टाकायला म्हणून तिच्या अंगणात गेलो. मातीतली हाडं कुणीतरी गोळा करून भांड्यात भरून पायरीवर ठेवली होती, वर झाकण. पॉलिहाऊसचं दार बाहेरून कडी-कुलूप घातलेलं, किल्ली अर्थात वहिनीच्या कमरेला. आणि बाजूचं प्लास्टिक वरून खालपर्यंत विळ्याने फाडलेलं. आत कुत्र्याची दोरी, तीही कापलेली. मी आत डोकं घातलं आणि लगेच बाहेर काढलं. सूर्य मावळला होता तरी आत श्वास घेववत नव्हता.

गडग्यापलीकडे थाक कांद्याची पात निवडत बसला होता.

"दादा," मी म्हणालो, "तुम्ही काढलात ना याला आतून? मग बोलला का नाहीत? तिनं कर्ण्यावरून तुमच्या नावाचा डंका पिटला."

"तू डॉक्टरला सांगितलंस ना, ऊन खाल्लंय म्हणून?"

"सांगितलं."

"मग झालं."

"कुठे काय झालं? मी आत्ता माईकवर जाऊन सांगतो सगळ्या गावाला."

"नको." त्याने पात खाली ठेवली. "तिनं कोंडला हेही सांगशील मग. ती बोलेल तेव्हा बोलेल." आणि पुन्हा निवडायला लागला. वर्षाच्या चार वाक्यांपेक्षा जास्तच झाली होती त्याची.

दुसऱ्या दिवशी काही नाही. दोल्सेने डोळे उघडले, पाणी चाटलं, रक्ताची हगवण झाली, परत डोळे मिटले. बैठकघरात कुणी पत्ते खेळेना. माझ्या प्रत्येक फोनला सगळ्या म्हाताऱ्या कान टवकारत आणि मी मान हलवली की परत पडून राहत. यांगसनवाली तर म्हणाली, "माझ्या नवऱ्याच्या लघवीची एवढी काळजी मी कधी केली नाही." कुणी थाककडे बघत नव्हतं. तो कोपऱ्यात येऊन बसला, घोटभर बार्लीचा चहा प्यायला आणि उठून गेला. तो गेल्यावर कुजबुज सुरू झाली. मी तोंडाला कुलूप लावून बसलो, आणि मला ते किती जड गेलं हे ज्यांना माझं तोंड माहीत आहे त्यांनाच कळेल.

तिसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. वहिनी ओरडत होती, "केली रे! केली! माझ्या पायावर केली!"

मी सरळ माईक घेतला. "गावकऱ्यांना कळवण्यात येतं की गोकसंगवालीच्या कुत्र्यानं लघवी केलेली आहे. भरपूर केलेली आहे." कुठूनतरी टाळ्या ऐकू आल्या. मग मी वहिनीला फोनवरच विचारलं, "आणखी काही सांगायचंय का गावाला? माईक चालू आहे." मग ती म्हणाली, "एवढंच सांग." मी बटण सोडलं.

दोल्से घरी आला तेव्हा निम्मा झाला होता. डॉक्टरने मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "एकदा ऊन खाल्लेलं जनावर पुढच्या वेळी लवकर खातं. याला आता थोडंही सोसणार नाही. पुढचा उन्हाळा जपा." मी ते वहिनीला सांगितलं आणि सांगितल्याचा पश्चात्ताप झाला, कारण तिने ते शब्दन् शब्द मनात धरलं. पानगळ झाली, किमची मुरत घातली, बर्फ पडलं. ती भेटली की एकच विषय. "पुढचा उन्हाळा रे."

दोल्सेचं आणखी एक झालं होतं. तो भुंकेनासा झाला. पोस्टमन आला तरी नाही, रानडुक्कर आलं तरी नाही. मान वर करून बघायचा फक्त. डॉक्टर म्हणाली, दुखत नाही त्याला, पण काही गोष्टी परत येत नाहीत.

फाटलेलं पॉलिहाऊस वहिनीने शिवलं नाही, प्लास्टिक बदललंही नाही. मी दोनदा म्हणालो, चिकटपट्टी आणून देतो. "राहू दे," म्हणाली. मिरच्या तिने अंगणात चटईवर वाळवल्या. गडग्यापलीकडे थाक, अलीकडे ती. दोघं आपापल्या बाजूला दिवसभर वावरत आणि एकमेकांकडे बघत नसत. ती गडग्याजवळ येऊन उभी राहताना मी कितीदा तरी पाहिली. तोंड उघडायची, मग गडग्यावरचं शेवाळ खरवडून परत जायची. उभ्या जन्मात तिने कुणाची माफी मागितली नव्हती, कारण कुणाचं वाईट करायला तिला सवडच मिळाली नव्हती. सवय नसलेलं काम अवघडच जातं.

मग वर्षाची पहिली पौर्णिमा आली. रात्रीच्या होळीवर पाच धान्यांचा भात शिजवायचा होता आणि गावातली सर्वांत मोठी कढई वहिनीकडे. म्हणून मी पहाटे निघालो, तोंड घट्ट मिटून. पूर्वेला नुकतं फटफटत होतं. गवतावर हिम.

तिच्या अंगणातून आवाज आला म्हणून मी फाटकाबाहेरच थबकलो.

"भुंक ना रे. एकदाच."

गोधडीचा कोट घालून वहिनी कुत्र्याच्या खोपटापुढे उकिडवी बसली होती. दोल्से समोर, एक कान उभा, एक पडलेला.

"हे बघ, गेल्या साली मी हाक मारली, तू ओ दिलीस. आता तू मार. मी ओ देते. मग तुझं सगळं ऊन माझं. कळलं का? चल. भुंक." दोल्सेने शेपूट हलवली. "शेपूट नको हलवू, मेल्या! भुंक! सूर्य वर आला की काही उपयोग नाही. माझ्याकडे सोसायला अंग आहे अजून, तुझ्याकडे नाही. अरे, गुरगुर तरी!"

तिने स्वतःच त्याला भुंकून दाखवलं. हळूच, मग जरा मोठ्याने. दोल्से मान वाकडी करून तिच्याकडे बघत राहिला. डोंगराची कड पिवळी व्हायला लागली होती. वहिनीने त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं, त्याच्या कपाळाला कपाळ लावलं.

गडग्यापलीकडे थाक उभा होता. हातात सरपणासाठी कुऱ्हाड. तिला तो दिसत नव्हता, मला रस्त्यावरून दोघंही दिसत होती. तो बराच वेळ तसाच उभा असावा, टोपीवर हिम जमलेलं. त्याने डोंगराच्या कडेकडे बघितलं. कुऱ्हाड खाली ठेवली. घसा खाकरला.

"भो," थाक म्हणाला.

वहिनी ताठ झाली. तिने दोल्सेकडे बघितलं. दोल्सेने गडग्याकडे बघितलं. तो आवाज कुणाचा हे न कळण्याइतकी ती म्हातारी नव्हती.

"भो, भो," गडग्यापलीकडून परत आलं, घोगरं, ओशाळलेलं.

"ओ!" वहिनी म्हणाली. सगळ्या गावाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.

"माझं ऊन घे."

ती उठून उभी राहिली, गुडघ्यांवर हात टेकत. गडग्याकडे तोंड केलं.

"घेतलं," ती म्हणाली. "त्याचं घेतलं. आणि तुमचंही द्या, थाक. तुमचंही मीच घेते."

थाकने कुऱ्हाड उचलली. थोड्या वेळाने लाकूड फोडल्याचा आवाज यायला लागला.

मी कढई न मागताच मागे फिरलो. ती मग दुपारी मीच येऊन नेली.